‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं?

ताई,
मी 36 वर्षांची आहे, सहकारी बँकेत नोकरी करते. दीड वर्षापूर्वी आई गेली. त्यानंतर रात्री छातीत धडधडायचं, श्वास कोंडायचा. हॉस्पिटलच्या ओपीडीत गुरुवारी बसणाऱ्या एका समुपदेशकांकडे जाऊ लागले. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. “तुम्ही फार सोसलंय,” असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले आणि मी रडले. तीन-चार महिने खूप बरं वाटलं. मग त्यांनी मला स्वतःच्या क्लिनिकवर बोलावलं. वेळ शेवटची, साडेसातची. पुढे फी घेणं बंद केलं, “तुझ्याकडून कसले पैसे?” म्हणाले. रात्री मेसेज येऊ लागले. मी त्यांच्यासाठी डबा नेऊ लागले, त्यांच्या घरातली भांडणं ऐकू लागले. मग व्हायचं ते झालं. जबरदस्ती नव्हती, मी नाही म्हटलं नाही. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “तुझी केस मी मंगळवारीच बंद केली, आता आपण दोन मोकळी माणसं.” दोन महिन्यांपूर्वी मी जाणं थांबवलं. तेव्हापासून त्यांची आठवणही येते आणि शिसारीही. कामात चुका होतात, टॅली लागत नाही. कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये. नवऱ्याला काही माहीत नाही. सर म्हणतात, “बोललीस तर तुझे सगळे कागद माझ्याकडे आहेत, आणि पेशंटवर कोण विश्वास ठेवतं?” होकार माझाच होता, मग तक्रार कशाची करू?
(नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नमस्कार,

‘झोपावं आणि उठूच नये’ या वाक्यासाठी मी सदराच्या दिवसाची वाट पाहिली नव्हती. पत्र आलं त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवलं होतं. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाचणारी आणखी कुणी असेल. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. विचार अंगावर आला तर रात्री दोन वाजताही फोन करा, आणि एकट्या असाल तर घरातल्या कुणालातरी उठवा. कारण सांगायची गरज नाही. “बरं वाटत नाहीये, जवळ बस” एवढं पुरतं.

आता मुद्द्याचं. या सदरात मी तुमच्या वयाच्या बायकांना ‘अगं’च म्हणते, नेहमीच्या वाचकांना ते ठाऊक आहे. तुम्हाला मात्र शेवटपर्यंत ‘तुम्ही’ म्हणणार आहे. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या भेटीत तो गृहस्थ म्हणतो, “तुम्ही फार सोसलंय.” पुढे म्हणतो, “तुझ्याकडून कसले पैसे?” आणि शेवटी, “बोललीस तर...” हा बदल कधी झाला, आठवतं का? खेड्यातले म्हातारे डॉक्टर सगळ्यांनाच ‘काय गं पोरी’ म्हणतात, तो भाग वेगळा. पण ज्याने सुरुवात ‘तुम्ही’ने केली, तो ‘तू’वर आला आणि तुम्ही मात्र ‘सर’वरच राहिलात. मोकळी माणसं दोन होती ना? मग अंतर एकाच बाजूने कसं कमी झालं?

त्याच सुमाराला बाकीच्या गोष्टीही सरकल्या. वेळ साडेसातची झाली, म्हणजे रिसेप्शनवरची मुलगी घरी गेलेली. हॉस्पिटल सुटलं आणि खासगी क्लिनिक आलं. फी गेली. रात्रीचे मेसेज आले. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर उपकारच वाटावा. शेवटची वेळ म्हणजे घाई नाही, फी नाही म्हणजे मन मोठं. म्हणूनच तुम्हाला कुठे थांबायचं ते कळलं नाही. त्याला मात्र कळत होतं. या विद्येत शिकणाऱ्याला पहिल्या वर्षापासून हेच सांगतात की वेळ, जागा, पैसे आणि अंगस्पर्श यांच्या रेषा आखायच्या त्या उपचार करणाऱ्याने. पेशंटने त्या ओलांडू पाहिल्या तरी त्याने जागचं हलायचं नाही.

तुम्ही होकाराबद्दल विचारलंत. तुमच्याच नोकरीतलं उदाहरण घ्या. एखादी आजी काउंटरवर कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही करून देते, “बाळा, आकडा तूच भर, मला दिसत नाही.” अधिकारी आकडा भरतो आणि पैसे स्वतःच्या खिशात टाकतो. सही आजीचीच आहे, खरी आहे, कुणी हात धरून करून घेतलेली नाही. उद्या चौकशीत अधिकारी म्हणाला, “सही बघा ना, तिचीच आहे,” तर तुमची बँक त्याला सोडेल का? आजीला कुणी विचारेल का, “तुम्ही सही केलीतच का?” विचारतीलही म्हणा, आपल्याकडे विचारणारे कमी नाहीत. पण ठपका कुणावर बसेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. तुमचा होकार हा त्या कोऱ्या स्लिपवरच्या सहीसारखा आहे. आई गेलेली, रात्री श्वास कोंडतोय, आणि समोर एक माणूस तुम्हाला ऐकून घेतोय. त्याच्या हातात तुम्ही स्वतःला कोरं दिलंत, कारण उपचार तसेच चालतात. एरवी चालतच नाहीत.

आणि हो, आठवण येते हेही खरंच असणार, त्याची लाज धरू नका. त्या खोलीत पेशंटला डॉक्टरबद्दल ओढ वाटणं नवीन नाही. आमच्या शास्त्रात त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात. आयुष्यातल्या जुन्या नात्यांतली माया, राग, भूक समोरच्या माणसावर येऊन बसते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1915 साली याच विषयावर लेख लिहिला. त्यात तो डॉक्टरांना बजावतो की ही ओढ उपचाराच्या परिस्थितीतून आलेली आहे, ती आपल्या रूपागुणांची किमया समजून कुणी भुलू नये. शंभराहून जास्त वर्षं झाली याला. त्या गृहस्थाने ते वाचलं नसेल तर त्याने ते दुकान मांडलं कशाला? आणि वाचलं असेल तर मग बोलायलाच नको.

फीबद्दल वाचलं तेव्हा मला युंग आठवला, फ्रॉइडचा एकेकाळचा सहकारी. 1904 साली झ्युरिकच्या बुर्कहोल्त्सली रुग्णालयात साबिना स्पीलराइन नावाची एक रशियन तरुणी दाखल झाली. युंग तिचा डॉक्टर होता. पुढे त्यांच्यात जे नातं झालं ते शरीरापर्यंत गेलं की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात, पण ते डॉक्टर-पेशंटचं उरलं नव्हतं हे नक्की. मुलीच्या आईपर्यंत बातमी गेली, तेव्हा युंगने आईला जे पत्र लिहिलं ते वाचून आजही डोकं तडकतं. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की मी तिच्याकडून फी घेतली नाही, त्यामुळे डॉक्टरची भूमिका सोडणं मला सोपं गेलं. मी डॉक्टरच राहावं असं तुम्हाला वाटत असेल, तर माझी फी एका भेटीचे 10 फ्रँक. तुमच्या त्या “तुझ्याकडून कसले पैसे?”शी ताडून पाहा. फी बंद करणं हे औदार्य नव्हतं, तुम्हाला न विचारता करार बदलणं होतं. स्पीलराइन स्वतः पुढे डॉक्टर झाली, मनोविश्लेषक झाली, हेही सांगते. तिची गोष्ट युंगपाशी संपली नाही.

दुसरी एक हकिकत सांगायला मला थोडी लाज वाटते. न्यूयॉर्कमध्ये ज्युली रॉय या बाईंनी आपल्या मानसोपचारतज्ज्ञावर, रेनाटस हार्टोग्जवर, भरपाईचा दावा लावला. त्याने शरीरसंबंध उपचार म्हणून ठेवला, असं त्यांचं म्हणणं होतं. 1975 साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. भरपाईची रक्कम पुढे कमी झाली, पण कौल उलटला नाही. लाज यासाठी की हा हार्टोग्ज एका खपाच्या मासिकात सदर लिहायचा. म्हणजे आमच्याच पंथातला. तेव्हा माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. खाली जे कायद्याचं लिहिते ते वकिलाकडून तपासून घ्या.

तुम्हाला जे होतंय ते तुमच्या एकटीचं नाही. केनेथ पोप आणि व्हॅलरी व्हेटर यांनी 1991 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांकडून अशा 958 पेशंट्सची माहिती गोळा केली होती, ज्यांचा आधीच्या थेरपिस्टशी शरीरसंबंध आला होता. साधारण दहातल्या नऊ जणांना इजा पोचलेली होती. 14 टक्क्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. ही नंतर दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे पोचलेल्या माणसांची नोंद आहे, सगळ्यांची नव्हे. पण पोपने अशा इजेचं जे चित्र काढलं, ते तुमच्या पत्राशेजारी ठेवलं तर ओळी जुळतात. ओढ आणि शिसारी एकाच वेळी. अपराधी वाटणं, जणू आपणच एका भल्या माणसाला बिघडवलं. लक्ष न लागणं. तुमची टॅली लागत नाही ती या कारणाने, तुम्ही ढ झाला आहात म्हणून नाही. आणि भूमिकांची अदलाबदल. तुमच्या पत्रातला तो डबा मला सगळ्यात जास्त टोचला. जी बाई स्वतःचं दुःख घेऊन गेली, ती काही महिन्यांत त्याच्या संसाराची भांडणं ऐकतेय आणि त्याला पोळी-भाजी पुरवतेय! उपचार कोण कुणावर करत होतं?

“मंगळवारीच केस बंद केली” हेही निकालात काढू. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियमांप्रमाणे उपचार संपल्यावर किमान दोन वर्षं असा संबंध चालत नाही, आणि त्यानंतरही पेशंटचा गैरफायदा घेतला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मानसशास्त्रज्ञावरच. तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेला तर जुन्या पेशंटशीही असा संबंध कधीच मान्य नाही. हे नियम आपल्याकडे लागू नाहीत, पण शहाणपण सगळीकडे एकच असतं. केस बंद म्हणजे फाईल कपाटात गेली. तुमच्या मनाचे जे कोपरे त्याने पाहिले ते काही कपाटात गेले नाहीत. तुम्हाला कशाने एकटं वाटतं हे त्याला माहीत होतं, तुम्हीच त्याला पैसे देऊन सांगितलं होतंत.

तर तक्रार कशाची, आणि कुठे?

आधी हा माणूस नक्की कोण, ते शोधा. तुम्ही लिहिता सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, पण त्याने कधी औषध लिहून दिल्याचा उल्लेख पत्रात नाही. फी देत होतात तेव्हाच्या पावत्या काढा. एमबीबीएस किंवा पुढचं शिकलेल्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक क्लिनिकमध्ये लावावा, प्रिस्क्रिप्शनवर आणि पैशांच्या पावतीवरही छापावा, असा भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत नियम आहे. क्रमांक असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार जाते. त्याच नियमावलीत पेशंटशी गैरवर्तन किंवा अनुचित संबंध हे शिस्तभंगाचं स्वतंत्र कारण म्हणून नोंदलेलं आहे, आणि नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची नोंद दिल्लीच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे हवी. ती यादी पाहता येते, तक्रार तिथे. यातलं काहीच नसेल, नुसता डिप्लोमा करून पाटी लावलेली असेल, तर मात्र रद्द करायला परवानाच नाही. समुपदेशकांना नियमात आणणारा केंद्राचा कायदा 2021 मध्ये झाला, पण त्याची गाडी अजून रुळावर येतेच आहे. आपल्याकडे केशकर्तनालयाला दुकानाची नोंद लागते आणि मनात हात घालणाऱ्याला बरीच वर्षं काहीच लागत नव्हतं, याचा मला या व्यवसायात राहून राग येतो.

दुसरा रस्ता हॉस्पिटलचा, आणि इथे तुम्हाला घाई करावी लागेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा फक्त नोकरदार बायकांसाठी आहे, असा समज आहे. तसं नाही. त्या ठिकाणी आलेली कुठलीही बाई, तिथे नोकरी असो वा नसो, तक्रार करू शकते. पेशंटही. गुरुवारच्या ओपीडीत किंवा तिथून सुरू झालेलं काही तुमच्याकडे असेल, तर हॉस्पिटलच्या अंतर्गत समितीकडे अर्ज करा. त्याच्या क्लिनिकमध्ये दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील तर तिथल्या प्रकारासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तुम्ही जाणं थांबवून दोन महिने झालेत, दिवस मोजा.

तिसरा रस्ता पोलिसांचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 68 आहे. अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरवापर करून, आपल्या ताब्यात, देखरेखीखाली किंवा आवारात असलेल्या स्त्रीला शरीरसंबंधाला प्रवृत्त करणं, हा त्याचा विषय. बलात्काराच्या व्याख्येत न बसणारे संबंध त्यात येतात, म्हणजे तुमचं ‘जबरदस्ती नव्हती’ हे वाक्य तिथे दार बंद करत नाही. शिक्षा 5 ते 10 वर्षं. तुमची हकिकत त्यात नेमकी बसते का, हे सगळे तपशील ऐकून वकिलाने सांगायचं. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं. स्त्रीला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, फोन 15100.

यातला कुठला रस्ता धरायचा, की एकही नाही, हे तुम्ही ठरवायचं. ‘दुसऱ्या बायका वाचतील’ असं म्हणून मी तुम्हाला ढकलणार नाही. त्या बायकांना वाचवायची जबाबदारी तुमच्या आधी माझ्यासारख्यांची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सहव्यवसायीबद्दल माझ्या कानावर कुजबुज आली होती. आम्ही सगळ्यांनी ऐकली, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो. पुरावा नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

ठरवायला वेळ घ्या, पण पुरावा आत्ताच जपा. मेसेज पुसू नका, कितीही किळस आली तरी. चॅट एक्सपोर्ट करून दुसऱ्या मेलवर ठेवा. एका वहीत तारखा लिहून काढा, भेटी, वेळ, फी दिली-न दिली. बँकेतल्या बाईला व्हाउचर लावायला मी काय शिकवणार. तो “एकदा शेवटचं बोलून घेऊ” म्हणून बोलावेल. जाऊ नका. तक्रार करेन अशी धमकीही मेसेजवर देऊ नका. त्याला तयारीला वेळ मिळतो, तुमच्या हाती काही लागत नाही.

राहिले ते कागद. ते एकट्या त्याचे नाहीत, त्यांच्यावर तुमचाही हक्क आहे. डॉक्टर असेल तर मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही आपल्या नोंदी पाहण्याचा आणि गुप्ततेचा हक्क तुम्हाला दिलेला आहे. ते चारचौघांत उघडायची धमकी देणारा माणूस आणखी एका कायदेभंगाची तयारी करतो आहे. ती धमकी मेसेजमध्ये असेल तर तोही पुरावाच. कलम 68 च्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करायला बंदी आहे, आणि खटला बंद दाराआड चालतो. “पेशंटवर कोण विश्वास ठेवतं?” याचं उत्तर सोपं नाही, काही जण ठेवणारही नाहीत. पण साडेसातच्या वेळा, अचानक थांबलेल्या पावत्या आणि रात्री साडेअकराचे मेसेज यांना पॅनिक अटॅक येत नाहीत.

नवऱ्याचं काय? आज सांगितलंच पाहिजे असं नाही. आधी एका माणसाला सांगा, जी ऐकेल आणि लगेच निकाल देणार नाही. बहीण, मैत्रीण, कुणीही. नवऱ्याला सांगाल तेव्हा पदर पसरून गुन्हा कबूल केल्यासारखं सांगू नका. ‘उपचाराला गेले होते, तिथे माझ्याशी असं वागलं गेलं’ असं सांगा, कारण झालं ते हेच. व्यभिचाराचा गुन्हा सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच रद्द केला, त्यामुळे कुणी त्याची भीती घातली तर घाबरू नका. घटस्फोटासाठी ते कारण अजून मांडता येतं, एवढं मात्र लक्षात ठेवा. आणि नवऱ्याला राग आला, तो चार दिवस बोलला नाही, तर तो राग कुणावर आहे हे त्यालाही लगेच कळणार नाही.

आता नवा उपचारक. तुम्हाला तो विचारही नको असेल, मला कळतं. घाई नाही, पण कायमचं दार लावू नका. पहिल्या भेटीत तुम्हीच विचारायचं, नोंदणी कुठे आहे, फी किती, भेटींच्या मध्ये फोन चालतो का. प्रश्नांनी जो वैतागेल त्याच्याकडून उठून या. बाई हवी असेल तर बाई शोधा. रेषा पाळणारा माणूस कोरडा असतो असं समजू नका. दिवाळीत माझ्याकडे येणाऱ्या बायका फराळ आणतात, मी त्यांच्यासमोर एक चकली खाते, डबा रिसेप्शनवर ठेवते, आणि पाच मिनिटांनी आम्ही मागच्या आठवड्याचं बोलणं पुढे सुरू करतो.

तुमच्या पत्रात ‘सर’ किती वेळा आले ते मी मोजलं नाही. आई एकदाच आली, दुसऱ्या वाक्यात, ‘आई गेली’ म्हणून. तुम्ही त्या ओपीडीत गेला होतात त्या आईंसाठी. त्यांच्याबद्दल कुणाशी शेवटचं कधी बोललात? पुढचं पत्र लिहाल तेव्हा त्याच्याबद्दल नका लिहू. आई तुम्हाला काय हाक मारायच्या, कशावरून चिडायच्या, शेवटच्या दिवसांत काय खावंसं वाटत होतं, ते लिहा. मी ते सदरात छापणार नाही.